हीटिंगची सरकारी मदत: राज्याचा पैसा कुठे लागतो आणि अर्ज कुठे अडकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबा ग्रीन कार्डावर आहेत, न्यू जर्सीत भाड्याच्या घरात दोघंच राहतात, उत्पन्न बेताचं आहे आणि जानेवारी-फेब्रुवारीतलं गॅसचं बिल त्यांना झेपत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये एकट्या राहणाऱ्या मावशींच्या घरी तेलाची टाकी आहे, तिथेही दर हिवाळ्यात ओढाताण. राज्य सरकार हीटिंगसाठी पैसे देतं असं ऐकलं आहे. ते खरंच राज्याचे असतात का, कोणाला मिळतात आणि मागायचे कसे?

आधी पैसा येतो कुठून ते बघू, कारण अर्ज कधी करायचा हे त्यावरच ठरतं. ज्याला लोक ‘राज्याची मदत’ म्हणतात, तिचा मोठा भाग वॉशिंग्टनहून येतो. त्या कार्यक्रमाचं नाव लायहीप (LIHEAP), म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना ऊर्जेच्या खर्चासाठी मदत. १९८१ च्या कायद्याने तो सुरू झाला. फेडरल आरोग्य खातं राज्यांना ठोक अनुदान देतं आणि ते कोणाला, किती, कधी वाटायचं हे बरंचसं राज्य ठरवतं. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम साधारण चार अब्ज डॉलरच्या घरात असते आणि सुमारे साठ लाख कुटुंबांपर्यंत पोचते. पात्र कुटुंबं याच्या कितीतरी पट आहेत. हा हक्काचा लाभ नाही, पैसे संपले की खिडकी बंद होते. राज्याने स्वतःचा एक डॉलरही घालावा अशी सक्ती कायद्यात नाही. म्हणूनच एका राज्यात मार्चमध्येही मदत मिळते आणि शेजारच्या राज्यात जानेवारीतच पैसे संपल्याचं ऐकावं लागतं.

उत्पन्नाची चौकट मात्र कायद्यात आहे. फेडरल दारिद्र्यरेषेच्या दीडपट किंवा राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या (ज्याच्या वर निम्मी घरं आणि खाली निम्मी, त्या रकमेच्या) ६० टक्के, यांतली जी रक्कम जास्त ती कमाल मर्यादा. राज्याला ती खाली आणता येते, पण दारिद्र्यरेषेच्या ११० टक्क्यांखाली नाही. दोन माणसांच्या घरासाठी २०२५ ची दारिद्र्यरेषा वर्षाला २१,१५० डॉलर होती, म्हणजे तिची दीडपट ३१,७२५ आणि ११० टक्के २३,२६५. पेनसिल्व्हेनिया दीडपटीचा हिशेब धरतं. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर जातात आणि ती रक्कम बरीच वर असते. त्यामुळे ‘आपण एवढे गरीब नाही’ असं घरबसल्या ठरवून अर्जच न करणं ही पहिली चूक. ती मराठी घरांत संकोचापोटी फार होते.

आता राज्याच्या पैशाकडे येऊ. त्याची किंमत रकमेपेक्षा तारखेत जास्त आहे. फेडरल आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि तोवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, अर्थसंकल्प मंजूर केलेला असणं दुर्मीळच. थंडी मात्र ऑक्टोबरच्या शेवटी दारात असते. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस फेडरल सरकारचं काम बंद पडलं. लायहीपचे पैसे राज्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस सुटले. पेनसिल्व्हेनियाने ३ नोव्हेंबरला उघडायचा हंगाम ३ डिसेंबरवर ढकलला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फेडरल खात्यात हा कार्यक्रम सांभाळणाऱ्या सगळ्या कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केलं गेलं होतं. बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. ज्या राज्याने आपल्या अर्थसंकल्पात हीटिंगसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवली असेल, त्याला वॉशिंग्टनची वाट न पाहता नोव्हेंबरचं तेल भरता येतं आणि फेडरल पैसे आले की हिशेब जुळवता येतो. ही रक्कम छोटी असली तरी चालते, वेळेवर असली पाहिजे.

उशिराची किंमत बघायची तर मेन राज्याचं २०२२-२३ चं उदाहरण घ्या. मेनमध्ये तेलावर घर तापवणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वांत जास्त आहे आणि त्या हिवाळ्याच्या तोंडावर तेल गॅलनला पाच डॉलरच्या आसपास होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला हीटिंग मदतीचं तातडीचं विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतांअभावी अडलं. ४ जानेवारी २०२३ ला ते मंजूर झालं. एकूण ४७३ दशलक्ष डॉलर, त्यातून बहुतेक रहिवाशांना ४५० डॉलरचे धनादेश, हीटिंग मदतीच्या कार्यक्रमात ४० दशलक्षांची भर आणि टाकी रिकामी होत आलेल्यांसाठी तातडीच्या इंधनाला १० दशलक्ष. तरतूद भरघोस होती, पण मधले चार आठवडे डिसेंबरचे गेले. माझं स्पष्ट मत असं की हंगाम सुरू झाल्यावर सगळ्यांना धनादेश वाटण्यापेक्षा तेच पैसे सप्टेंबरआधी या कार्यक्रमात घातले, तर त्याच डॉलरात जास्त गरजू घरं उबदार राहतात.

राज्याचा पैसा येण्याचे दुसरेही मार्ग आहेत. व्हरमाँट २०१६ पासून हीटिंग तेल, केरोसीन आणि प्रोपेनवर गॅलनला दोन सेंट कर घेतं आणि तो गरीब घरांच्या भिंती-पोटमाळ्यांना उष्णतारोधक अस्तर घालण्यासाठी वापरतं. न्यू जर्सीत गॅस आणि विजेच्या प्रत्येक ग्राहकाच्या बिलातून थोडी रक्कम कापून युनिव्हर्सल सर्व्हिस फंड चालतो, तो गरजू घरांच्या बिलात सूट देतो. ओहायोत १९८३ पासून उत्पन्नाच्या टक्केवारीत बिल भरण्याची योजना आहे. पात्र कुटुंबाने वेळेवर आणि पूर्ण हप्ता भरला की त्या महिन्याची उरलेली रक्कम माफ होते आणि जुन्या थकबाकीचाही चोविसावा हिस्सा कमी होतो, म्हणजे दोन वर्षं नेमाने भरलं तर थकबाकी शून्यावर येते. बिलातून गोळा होणाऱ्या या योजनांचा आधार मोठा आहे, कारण त्या दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भांडणात सापडत नाहीत. पण त्यांत एक मोठं भगदाड आहे. त्या फक्त गॅस आणि विजेच्या ग्राहकांना लागू होतात. ज्यांच्या दारात तेलाचा किंवा प्रोपेनचा ट्रक येतो त्यांना हीटिंगचं असं मासिक बिलच नसतं, त्यामुळे त्यांचं हीटिंग बाहेर राहतं. आई-बाबांचा मार्ग आणि मावशींचा मार्ग इथूनच वेगळा होतो.

आई-बाबांचं आधी. न्यू जर्सीत एकच अर्ज लायहीप आणि युनिव्हर्सल सर्व्हिस फंड या दोन्हींसाठी चालतो. तो राज्याच्या कम्युनिटी अफेअर्स खात्याच्या डीसीएड या संकेतस्थळावर भरता येतो किंवा काउंटीतल्या नेमून दिलेल्या संस्थेत जाऊन. लायहीपचा हंगाम १ ऑक्टोबर ते ३० जून. पहिलं एकरकमी अनुदान आहे, दुसरी दरमहा बिलातून वजा होणारी सूट. दुसरीसाठी बिल उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त असावं लागतं आणि खातं अर्जदाराच्या नावावर हवं. नेमकं इथे अडतं. आई-बाबांच्या घराचं गॅसचं खातं बहुतेक वेळा मुलाने स्वतःच्या नावावर उघडलेलं असतं, क्रेडिट स्कोअर नाही म्हणून किंवा फोनवर बोलायला सोपं जावं म्हणून. अर्जाआधी गॅस कंपनीला फोन करून खातं आईच्या किंवा बाबांच्या नावावर करून घ्या आणि नव्या नावाचं किमान एक बिल हातात येऊ द्या. फंडात आल्यावर जुनी थकबाकी ६० डॉलर किंवा जास्त असेल तर फ्रेश स्टार्ट लागू होतं: बारा महिने चालू बिलं पूर्ण भरली की ती माफ होते.

उत्पन्नात घरातल्या सगळ्यांचं उत्पन्न मोजतात. आई-बाबा तुमच्याच घरात राहत असते तर तुमचा पगार धरला गेला असता आणि विषय तिथेच संपला असता. वेगळं राहतात म्हणून पात्रता दोघांपुरती बघतील. भारतातली पेन्शन, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज हेही उत्पन्नच, ते लिहायचं आणि कागद जोडायचा. पेन्शनच्या पासबुकाची पानं मराठीत किंवा हिंदीत असतील तर इंग्रजी अनुवाद आणि डॉलरमधला हिशेब एका कागदावर करून द्या, तपासणाऱ्याचं काम सोपं होतं. दरमहा तुम्ही पाठवलेले पैसे बहुतेक ठिकाणी विचारतात. ते लपवू नका. लपवलं की दुसराच प्रश्न उभा राहतो: उत्पन्न महिन्याला सातशे डॉलर आणि भाडं चौदाशे, तर भाडं कोण भरतं? या एका प्रश्नावर फाइल आठवडेच्या आठवडे पडून राहते. ‘भाड्यातले अमुक डॉलर मी थेट घरमालकाला देतो’ असं सहीचं पत्र पहिल्याच दिवशी जोडलं की उत्तर आधीच मिळालेलं असतं.

ग्रीन कार्डाची भीती बऱ्याच घरांत आहे, म्हणून तेही सांगतो. १९९६ च्या कायद्याने लायहीप हा फेडरल लाभ नागरिक आणि ‘पात्र स्थलांतरित’ यांच्यापुरता ठेवला. ग्रीन कार्डधारक पात्र स्थलांतरितांत येतात. मेडिकेडला, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, असते तशी पाच वर्षं थांबण्याची अट लायहीपला नाही. एच-वन (नोकरीच्या) किंवा व्हिजिटर व्हिसावरची व्यक्ती स्वतः पात्र नसते, पण घरातला एखादा सदस्य नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर त्याच्यासाठी अर्ज करता येतो. ग्रीन कार्ड देताना अर्जदार सरकारवर भार ठरेल का हे बघण्याच्या (पब्लिक चार्ज) २०२२ च्या नियमात हीटिंगची मदत मोजली जात नाही. तो नियम काढून टाकण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आहे. त्यामुळे घरात कोणाचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून चालू असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ज्यांच्या हातात कार्ड आहे त्यांनी या भीतीपायी थंडीत कुडकुडत बसू नये.

हीटिंग भाड्यातच धरलेलं असेल तर? तरीही अर्ज करता येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर असं घर पात्र ठरू शकतं. घरमालकाचं हीटिंग भाड्यात असल्याचं पत्र लागतं आणि ते मिळवायला वेळ जातो, म्हणून सप्टेंबरमध्येच मागून ठेवा.

१५ नोव्हेंबर ते १५ मार्च या काळात गॅस-वीज तोडता येत नाही असं दोन्ही राज्यांत ऐकाल. ते अर्धवट खरं आहे. हे संरक्षण आपोआप सगळ्यांना नाही. न्यू जर्सीत लायहीप, युनिव्हर्सल सर्व्हिस फंड अशा ठरावीक योजनांतल्या घरांना आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थिक अडचण कळवावी लागते. आणि बिल माफ होत नाही, नुसतं साचतं. चार महिने काहीच न भरलेल्या घराला १६ मार्चला सगळी थकबाकी एकदम समोर दिसते. थोडं का होईना, दरमहा भरत राहायचं.

आता मावशींची टाकी. हे संरक्षण तेलवाल्याला लागू नाही. त्याला पैसे मिळाले नाहीत तर तो ट्रक पाठवत नाही, इतकं सरळ आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अर्ज १ ऑक्टोबरपासून घेतात, हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. मंजूर झालेली रक्कम मावशींच्या हातात येत नाही, थेट तेलवाल्याला जाते. म्हणून पहिला प्रश्न अर्जाचा नसून तेलवाल्याचा आहे: त्याचा अर्ज घेणाऱ्या स्थानिक संस्थेशी करार आहे का? सगळ्यात स्वस्त, रोख घेऊन तेल टाकणारे छोटे विक्रेते पुष्कळदा करारात नसतात. कारण इथे करारातला दर घाऊक दरावर ठरलेला नफा असा बांधलेला असतो आणि पैसे मागाहून येतात. करारातला विक्रेता निवडला की त्याचं नाव अर्जात घाला. मंजुरीआधी किंवा हंगामाआधी टाकलेल्या तेलाचं बिल भरून मिळेलच असं धरू नका.

दिवस मोजायला शिका. साध्या घरात २७५ गॅलनची टाकी असते, भरते सुमारे अडीचशे. बॉस्टनच्या आसपास वर्षाला साधारण ५,६०० हीटिंग डिग्री-डे होतात. म्हणजे रोजचं सरासरी तापमान ६५ अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, ते आकडे वर्षभर मिळवत गेलं की ही बेरीज येते. मावशींचं घर हंगामात ८०० गॅलन खात असेल तर गॅलनमागे ७ डिग्री-डे पडतात. बाहेर दिवसाची सरासरी २५ अंश असेल तर ४० डिग्री-डे, म्हणजे त्या दिवशी पावणेसहा गॅलन. टाकीवरच्या प्लास्टिकच्या नळीतला लाल तरंगता खुंट पाव रेषेवर आला की आत साठ गॅलनच्या आसपास तेल असतं. हिशेब झाला: दहा दिवस. नेहमीच्या अर्जाला महिना सहज लागतो. म्हणून पाव टाकीवर अर्ज करायला बसणं म्हणजे उशीर झालेलाच आहे. तो खुंट अडकतोही. अधूनमधून नळीवर हलकेच टिचकी मारून हलतो का बघा, नाहीतर तो अर्ध्यावर दिसत राहतो आणि टाकी कोरडी होते.

दुसरी अडचण शेवटच्या डॉलरांची. तेलवाले शंभर गॅलनपेक्षा कमी टाकायला सहसा तयार नसतात. दोन-तीनदा तेल टाकून झाल्यावर मावशींच्या नावावर १८० डॉलर उरले आणि तेल गॅलनला ३.८० असेल, तर त्यात ४७ गॅलन येतात आणि ट्रक येत नाही. संस्थेला फोन करून वरचे पैसे आपण घालून शंभर गॅलन टाकून मिळतील का विचारा. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी उरलेल्या रकमेपुरतं तेल टाकायला त्या विक्रेत्याला सांगतात. न विचारता सोडलेली रक्कम एप्रिलअखेर हातची जाते. हंगामाच्या मध्यावर राज्याने पुरवणी अर्थसंकल्पातून पैसे घातले तर मदतीची कमाल रक्कम वाढते. ज्यांचा अर्ज मंजूर आहे त्यांच्या खात्यावर ती वाढ नवा अर्ज न करता जमा होते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत एकदा फोन करून शिल्लक विचारायची.

टाकी रिकामी होत आली असेल तर नेहमीचा नाही, ‘क्रायसिस’चा अर्ज करायचा आणि हाच शब्द वापरायचा. फेडरल कायद्यात मुदती आहेत: तातडीच्या अर्जावर ४८ तासांत आणि जिवाला धोका असेल तर १८ तासांत काहीतरी मदत पोचली पाहिजे. न्यू यॉर्कमध्ये टाकी पावापेक्षा खाली किंवा दहा दिवसांहून कमी इंधन असलं की तातडी धरतात. फोनवर ‘तेल कमी आहे’ असं मोघम बोलू नका. ‘काटा आठव्या हिश्श्यावर, वय ७४, रात्री शून्याखाली जाणार आहे, ऑक्सिजनचं यंत्र चालू आहे’ असं खरं ते नेमकं सांगा. कागदावर तेच लिहिलं जातं आणि त्यावरून क्रम लागतो.

शनिवारी रात्री तेल संपलंच तर सोमवारपर्यंत निभावण्याचा मार्ग आहे. पेट्रोल पंपावरचं डिझेल हीटिंग तेलाच्या जागी चालतं. स्वच्छ कॅनमधून पाच-दहा गॅलन टाकीत ओतायचं, बर्नरचा स्विच बंद ठेवून. पेट्रोल चुकूनही नाही, स्फोट होईल. दहा-पंधरा मिनिटं गाळ खाली बसू द्यायचा, मग स्विच चालू करून लाल रिसेट बटण एकदा दाबायचं. बर्नर पेटला नाही तर नळीत हवा अडकली आहे. ती पंपाच्या ब्लीडर व्हॉल्वमधून काढावी लागते आणि ते काम तंत्रज्ञाचं. बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर न जळलेलं तेल भट्टीत साचतं आणि पेटतं तेव्हा भडका होतो. तेल संपल्यावर तंत्रज्ञाला बोलावण्याचा खर्च मदतीतून मिळेल का, हेही संस्थेला विचारा. भट्टीच बिघडली असेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये हार्टवॅप ही वेगळी योजना दुरुस्ती, गरज पडली तर बदली करून देते, आणि मेनमध्ये त्यासाठी चिप नावाची योजना आहे. मालकीचं घर असेल तर हे जरूर मागा, पुष्कळांना माहीतच नसतं.

एक जोडगोष्ट स्नॅपची, म्हणजे धान्याच्या मदतीची. काही राज्यं गरीब घरांना हीटिंगचे वर्षाला २० डॉलरहून थोडे जास्त देत, कारण तेवढ्याने स्नॅपमध्ये मोठी वजावट मिळून दरमहाची धान्याची रक्कम वाढायची. जुलै २०२५ च्या कायद्याने ही आपोआप मिळणारी वजावट घरात ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्ती असेल तरच ठेवली. मावशी आणि आई-बाबा वयाच्या ६० पुढे असतील तर त्यात बसतात. म्हणून मंजुरीचं पत्र स्नॅपच्या कार्यालयातही द्या.

अर्ज नाकारला किंवा कित्येक आठवडे उत्तरच आलं नाही, तर दोन्ही बाबतींत सुनावणी मागायचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. नकाराच्या पत्रावर मुदत छापलेली असते. पुष्कळ नकार उत्पन्न जास्त म्हणून नसतात, एखादा कागद कमी पडला म्हणून असतात. तेव्हा सुनावणी मागताना तो कागदही सोबत जोडा. पुष्कळदा फाइल त्यानेच पुढे सरकते.

उन्हाळ्यात मावशींच्या घराच्या अस्तराचं काम मागून घ्या. राज्यांना लायहीपमधले १५ टक्क्यांपर्यंत पैसे अशा कामाला वापरता येतात, हीटिंग मदतीला पात्र घर त्यालाही पात्र धरलं जातं आणि यादी लांब असते, म्हणून नाव लवकर घालायचं. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्सची संस्था जुन्या अर्जदारांना नूतनीकरणाचा फॉर्म टपालाने पाठवते. मावशींचा पत्ता किंवा तेलवाला मधल्या काळात बदलला असेल तर ऑगस्टमध्येच फोन करून कळवा, नाहीतर तो फॉर्म जुन्या पत्त्यावर जाऊन पडतो.